मदत हवी आहे : ‘वाइड-आइड’ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी बालकथेचं भाषांतर करतेय आणि ‘वाइड-आइड’ या एका विशेषणापाशी दोन दिवस अडकले आहे. शब्दशः ‘मोठ्या डोळ्यांचा’ चालणार नाही. आपल्याकडे डोळे मोठे केले की पोरं गप्प बसतात!

अडचण अशी की या शब्दात दोन अर्थ आहेत. एक, आश्चर्याने डोळे विस्फारलेला. दुसरा, जगाचे टक्केटोणपे न खाल्लेला, कशावरही चटकन विश्वास ठेवणारा. ‘अचंबित’ म्हटलं तर निरागसपणा जातो, ‘निरागस’ म्हटलं तर अचंबा जातो. ‘भोळसट’मध्ये तर सरळ हेटाळणीच. इंग्रजीतही मोठ्या माणसाला हा शब्द लावला की किंचित टोमणा असतो, पण माझ्या कथेत सहा वर्षांचा मुलगा आहे, तिथे टोमणा नको.

डोळ्यांसमोर भाचा येतो. रंगपंचमीला त्याला नाशिकच्या तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेला जमिनीतला मोठा हौद, दाखवायला नेलं होतं. एकाने धप्पकन उडी मारली, रंगीत पाणी पार अंगावर आलं, आणि हा तोंड उघडं टाकून टकमक बघतोय. मग हळूच विचारतो, “मावशी, तो खाली कुठे गेला?” नेमकं तेच मला एका शब्दात हवंय.

सध्या ‘भाबडा’वर आले आहे, पण त्यात डोळे कुठे आहेत? नाशिककडच्या किंवा कुठल्याही बोलीतला शब्द चालेल. वाक्य असं आहे : ‘तो ___ मुलगा दारातच उभा राहिला.’