व्हीआरमध्ये प्रदक्षिणा : आजीला गरगरतंय, मदत हवी आहे

सिद्धेश्वर देवळाचं मॉडेल युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) बनवतोय, क्वेस्ट २ या व्हीआर हेडसेटसाठी. आजीचे गुडघे गेलेत, तळ्यातल्या देवळापर्यंत चालणं आता होत नाही. मॉडेल जमलंय, घोडं अडलंय ते चालण्यावर.

जॉयस्टिकने पुढे नेलं की खुर्ची घट्ट धरून ओरडते, "आरं थांब, जमीन सरकालीय की!" मग लिंबू सरबत आणि पंखा. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोलाच्या इंद्रियाला जाणवत नाही, हे माहितीये. कडा काळ्या करणारं व्हिनेट लावलं तर म्हणते चष्मा खराब झालाय. टेलिपोर्टने (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी) मळमळ नाही, पण प्रत्येक उडीनंतर प्रश्न : "तळं कुठल्या अंगाला गेलं? आन् मी चालले कधी?" उड्या मारून घातलेली प्रदक्षिणा ती धरतच नाही. बरोबरच आहे म्हणा.

रिडायरेक्टेड वॉकिंग (खरंच चालणाऱ्या माणसाला दृश्य हळूच फिरवून वळवणं) कृपया सुचवू नका. नकळत वळवायचं तर निदान २२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ लागतं. आमच्या हॉलमध्ये टीपॉय सरकवायची मारामार, आणि आजी बसूनच बघणार.

बसल्या जागी, सलग चालल्यासारखं वाटेल असं काय करता येईल? हात हलवून पुढे जायची पद्धत वयस्कर माणसांना झेपते का?

प्रतिसाद १ : हात हलवणं चांगलं, पुढे जायचा ताबा त्यांच्याकडे राहतो. वेग मात्र एकसारखा ठेवा. हळूहळू वाढणारा वेग दिसायला छान, पण कान वेगातला बदलच पकडतो, त्रास तिथेच. स्टिकने वळवूच नका. फिरत्या खुर्चीत बसवा, आधी तिची चाकं काढा. आणि तळ्याच्या पाण्यातलं लाइव्ह प्रतिबिंब बंद करा, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) तेच खातं. ७२ च्या खाली गेलं की बाकी सगळं पाण्यात.

धागाकर्ता : खुर्ची मिळेल, प्रतिबिंब आजच काढतो. पण आजी प्रदक्षिणेत हात जोडूनच चालते. हलवणार कसे?

प्रतिसाद २ : मग तोच सिग्नल धरा की! हँड ट्रॅकिंग (हेडसेटच्या कॅमेऱ्याने हात ओळखणं) चालू करा : हात जोडले की चाल, सोडले की थांब. हात चिकटले की कॅमेऱ्याला बोटं नीट दिसत नाहीत, ट्रॅकिंग सुटतं. म्हणून दोन्ही हात जवळ येऊन दिसेनासे झाले तर 'जोडलेत' असंच समजायचं, कोडमध्ये तेवढी अट टाका.