प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन ४+३, पीएसए १४: ऑपरेशन की शेक (रेडिएशन)?

प्रश्न (पाटी_कोरी):
वडिलांचं वय ६८. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १४, बायोप्सीत बारापैकी पाच तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे याचा गुण) ४+३. एमआरआयप्रमाणे गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे, ग्रंथी ६२ सीसी. मधुमेह आहे, गोळ्यांवर. युरोसर्जन रोबोटिक ऑपरेशन सुचवतात. रेडिएशनचे डॉक्टर २० शेक आणि ६ महिने हार्मोनची इंजेक्शनं म्हणतात. दोघंही खात्रीने बोलतात. ठरवायचं कशावर?

उत्तर (शेकविभाग):
या टप्प्यावर दोन्ही रस्ते आजार बरा करण्याचेच आहेत, म्हणून ठरवायचं ते त्रास कोणता परवडेल यावर.

ऑपरेशननंतर ७ ते १० दिवस लघवीची नळी राहते. नळी काढल्यावर खोकताना-उठताना लघवी गळते. बहुतेकांची काही महिन्यांत थांबते, थोड्यांची कायम राहते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच सुरू करायला लावा, नळी काढल्यावर शिकणं जड जातं. मधुमेहात लिंगाची ताठरता परत येण्याची शक्यता आधीच कमी असते, त्यामुळे ऑपरेशनमध्ये तिच्या नसा वाचवल्या तरी त्या आशेवर निर्णय घेऊ नका.

शेकात गळती क्वचित, पण गुदाशयातून रक्त जाण्याचा त्रास वर्ष-दोन वर्षांनीही उद्भवू शकतो. रोजच्या शेकाला मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं हवं. लघवी करून साधारण अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि अर्ध्या तासाने टेबलावर. पोटात गॅस असेल तर ग्रंथी जागची हलते, मग रुग्णाला उठवून परत पाठवावं लागतं.

आधीच धार बारीक असेल, रात्री चार वेळा उठावं लागत असेल, तर शेकाने सूज येऊन लघवी अडू शकते. अशा वेळी ऑपरेशनचं पारडं जड.

उत्तर (स्लाइड_पुन्हा_बघा):
एक प्रश्न राहिला. लघवीसाठी गोळ्या चालू आहेत का? नाव सांगा.

पाटी_कोरी:
हो, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली, तीन वर्षांपासून.

स्लाइड_पुन्हा_बघा:
मग सगळं गणित बदललं. ड्युटास्टेराइड (फिनास्टेराइडही) सहा महिन्यांनंतर पीएसए जवळपास निम्म्यावर आणतं. म्हणजे तुमचे १४ हे साधारण २८ धरायचे. पीएसए १० ते २० म्हणजे मध्यम जोखीम, २० च्या वर उच्च. दोन्ही डॉक्टरांना ही गोळी माहीत आहे का, हे आज विचारा. ओपीडीच्या कागदावर 'प्रोस्टेटची गोळी' एवढंच लिहिलेलं असतं आणि मुद्दा तिथेच निसटतो.

उच्च जोखमीत शेकासोबत ६ महिने हार्मोन अपुरं, सहसा दीड ते तीन वर्षं देतात. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही शेक द्यायचा का, हाही प्रश्न येतो. टाटा मेमोरियलच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२४ रुग्ण होते. लसिकाग्रंथींना शेक मिळालेल्या गटात पाच वर्षांनी ९५ टक्के लोकांचा पीएसए पुन्हा वाढलेला नव्हता, फक्त प्रोस्टेटला शेक मिळालेल्यांत ८१ टक्के. एकूण आयुष्यात मात्र फरक दिसला नाही. त्यात २५ शेक होते, तुम्हाला सांगितलेले २० नव्हेत.

ऑपरेशनही चालतं, पण मग लसिकाग्रंथी काढाव्या लागतात आणि पुढे शेक लागण्याची शक्यता बरीच वाढते. दोन्हींचे त्रास एकाच माणसाच्या वाट्याला आले तर काय, हे सर्जनना थेट विचारा.

आणि बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड (जपून ठेवलेले तुकडे आणि त्यांच्या काचा) घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. नुसत्या रिपोर्टवर दुसरं मत मिळत नाही.

उत्तर (इंजेक्शन_खोली):
हार्मोनबद्दल. ही इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी करण्यासाठी असतात. त्यातल्या ल्युप्रोलाइडने सुरुवातीला ते उलट वाढतं, म्हणून आधी बायकॅल्युटामाइड ५० मिग्रॅची गोळी सुरू करून काही आठवडे चालू ठेवतात. डेगारेलिक्स या दुसऱ्या इंजेक्शनमध्ये ती उसळी नाही: पहिला डोस २४० मिग्रॅ, नंतर दरमहा ८०. वृषण काढण्याचं छोटं ऑपरेशन स्वस्त पडतं, पण इथे हार्मोन ठरावीक मुदतीचं आहे आणि ते ऑपरेशन उलटवता येत नाही, तेव्हा या केसमध्ये नको.

हार्मोनवर साखर चढते, दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) करा. हाडांची डेक्सा (घनतेची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी सुरुवातीलाच.

पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा) करायचा ठरला तर पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी उरका. हार्मोन सुरू झालं की स्कॅनवर दिसणारं चित्र बदलू शकतं.