पेठांमधील जुन्या घरांची छायाचित्रे : कमी वेळात जास्त घरे कशी टिपावीत?

कसबेकर

नमस्कार. सोलापुरातील उत्तर कसबा, दक्षिण कसबा, मंगळवार पेठ आणि साखर पेठ या भागांतील जुनी माळवदाची घरे आणि वाडे रस्त्यावरून जसे दिसतात तसे छायाचित्रांत नोंदवून ठेवण्याचे काम आम्ही काही जणांनी हाती घेतले आहे. ज्या वेगाने ही घरे पाडली जात आहेत तो पाहता हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नाही. प्रत्येक घराची पूर्ण दर्शनी बाजू, दाराची चौकट, सज्जाचे लाकूडकाम आणि दगडावर बांधकामाचे साल कोरलेले असल्यास तेही घ्यायचे आहे.

अडचण वेगाची आहे. घरासमोर थांबायचे, सेटिंग बदलायचे, फोटो पडद्यावर पाहायचा, पटला नाही तर पुन्हा काढायचा, असे करताना एकाच गल्लीत अख्खी सकाळ जाते, आणि दुकाने उघडली की दुचाकींच्या रांगा व ताडपत्र्या मध्ये येतात. आमच्याकडे लहान सेन्सरचा डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. चालता चालता व्हिडिओ काढून नंतर त्यातून चित्रे वेगळी करावीत, असे एका मित्राने सुचवले आहे. हे योग्य होईल का?

छायाप्रकाश

व्हिडिओचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. ४के व्हिडिओची एक चौकट ३८४० × २१६० पिक्सेलची, म्हणजे सुमारे ८.३ मेगापिक्सेलची असते आणि तीही दाबून लहान केलेली. शिवाय चालताना कॅमेरा हलतो, त्यामुळे चौकटीवरची नक्षी आणि कोरलेली अक्षरे नेमकी पुसट होतात, आणि आपल्याला तर तीच हवी आहेत.

आपला वेळ शटर दाबण्यात जात नसून प्रत्येक घरासमोर नव्याने निर्णय घेण्यात जातो. हे निर्णय गल्लीत शिरण्यापूर्वी एकदाच घ्यावेत. लेन्स १८ मिमीवर (सर्वांत रुंद दृश्यावर) ठेवून अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ करावे, रस्त्यापलीकडच्या घरावर एकदा फोकस घेऊन लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकावी आणि झूम व फोकस या दोन्ही कड्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. लहान सेन्सरवर १८ मिमी आणि एफ/८ असताना तीन-चार मीटरवर फोकस ठेवला तरी ओट्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळे स्पष्ट येते. त्यामुळे दर वेळी फोकससाठी थांबण्याची गरज उरत नाही.

प्रकाशमापनही पूर्ण मॅन्युअल ठेवावे. स्वच्छ उन्हात एफ/८, १/४०० सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० हे माप बरोबर बसते. मोकळ्या सावलीत प्रकाश साधारण तीन स्टॉपने (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी असतो, म्हणून तेथे अ‍ॅपर्चर आणि शटर तसेच ठेवून फक्त आयएसओ ८०० करावा. उन्हाची बाजू संपून सावलीची सुरू झाली की एकच आकडा बदलायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. स्वयंचलित मोडमध्ये चुन्याची पांढरी भिंत करडी येते आणि काळ्या दगडाची भिंत गरजेपेक्षा उजळ येते. मग शेजारशेजारच्या दोन घरांचे फोटो एकमेकांशी जुळवत बसावे लागते. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची सेटिंग) याच कारणासाठी ‘ऊन’ किंवा ‘सावली’ यांपैकी एकावर स्थिर ठेवावा. पहिला फोटो पडद्यावर मोठा करून नीट तपासावा आणि त्यानंतर फोटो दाखवणारा पडदा बंदच करून टाकावा.

दर्शनी बाजूसाठी कॅमेरा वर झुकवू नये. भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. शक्य तितके मागे सरकून, कॅमेरा उभा धरून, जमिनीला समांतर ठेवावा. खाली रस्ता जास्त आला तरी तो नंतर कापता येतो.

दाराच्या नक्षीसाठी मात्र हे ठरीव फोकस चालणार नाही. ते काम त्याच फेरीत करण्याचा मोह टाळावा. आधी सगळी गल्ली १८ मिमीवर पूर्ण करावी आणि परत येताना ५५ मिमीवर, ऑटोफोकस चालू करून, फक्त बारकावे घ्यावेत.

उगवतीकडे

वरील मांडणीशी मी सहमत आहे, पण कोणत्या वेळी कोणती बाजू घ्यायची हे ठरवले नाही तर सेटिंग कितीही स्थिर ठेवून उपयोग होणार नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्लीत पश्चिमेकडच्या रांगेतील घरांची तोंडे पूर्वेला असतात, म्हणून सकाळी फक्त तीच रांग घ्यावी आणि समोरची रांग दुपारी तीननंतर. एका फेरीत एकच बाजू घेतली की रस्ता सारखा ओलांडावा लागत नाही आणि वर सांगितलेला आयएसओही क्वचितच बदलावा लागतो. दक्षिणमुखी घरांवर हिवाळ्यात दिवसभर ऊन असते. तरीही सकाळी लवकर किंवा चारनंतर तिरपे ऊन पडते, तेव्हाच नक्षीची खोली दिसते.

कसबेकर

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या यादीत उत्तरमुखी घरे बरीच आहेत आणि त्यांच्यावर ऊन कधी दिसतच नाही. त्यांचे काय करावे?

उगवतीकडे

२३ सप्टेंबरच्या सुमारापासून २१ मार्चच्या सुमारापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, त्यामुळे या काळात उत्तरमुखी भिंतीवर थेट ऊन पडत नाही. मात्र सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारीही सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये ढग येतात, म्हणून ऊन हवेच असेल तर मेचा उत्तरार्ध राखून ठेवावा. पाडकामाची चिन्हे दिसत असलेल्या घरासाठी मात्र तोपर्यंत थांबू नये. हिवाळ्यातल्या सावलीतही उत्तम नोंद होते. दुपारी बाकीच्या घरांवर ऊन नीट पडत नाही, त्या वेळी ही घरे सावलीच्या सेटिंगवर घ्यावीत, लेन्सला हूड (बाजूचा प्रकाश अडवणारी कड) लावावा आणि मागचे आकाश पांढरे पडले तरी भिंतीचा प्रकाश कमी करू नये.

नोंदवही

फोटो भराभर निघू लागले की महिनाभराने कोणता वाडा कोणत्या गल्लीतला हे सांगता येत नाही, आणि पत्ता नसलेल्या छायाचित्राला नोंद म्हणता येत नाही. म्हणून गल्लीत शिरताना पहिला फोटो गल्लीच्या पाटीचा आणि प्रत्येक घराचा पहिला फोटो घरक्रमांकाच्या पाटीचा घ्यावा. पाटी नसेल तर वहीत जाड पेनने क्रमांक लिहून त्या पानाचा घ्यावा. पाटी, दर्शनी बाजू, डावा कोपरा, उजवा कोपरा हा क्रम कधीही मोडू नये. बारकाव्यांच्या फेरीतही प्रत्येक घराची सुरुवात पाटीपासूनच करावी.

फोनवर मार्गनोंद (चाललेल्या वाटेची वेळेसह जीपीएस नोंद, जी जीपीएक्स फाइलमध्ये साठते) चालू ठेवावी आणि निघताना फोनच्या घड्याळाचा, सेकंदांसह, कॅमेऱ्याने एक फोटो काढावा. घड्याळातील फरक नंतर त्यावरून दुरुस्त करता येतो. एक्झिफटूल किंवा डिजिकॅम या मोफत साधनांनी ती जीपीएक्स फाइल सगळ्या छायाचित्रांना एकाच वेळी जोडता येते. जीपीएक्समधील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणून साडेपाच तासांचा फरक सांगितला नाही तर छायाचित्रे भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. अरुंद बोळांत जीपीएस समोरच्या घरावरही सरकते, त्यामुळे पाटीच्या फोटोला पर्याय नाही.

कार्ड त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे आणि दोन्हीकडील प्रती उघडून पाहिल्याशिवाय पुसू नये. उतरवताना घरांची यादी शेजारी ठेवून राहून गेलेल्या घरांवर खूण करावी, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच उन्हात घेता येतील.