फ्रीजचा खालचा कप्पा गार होत नसेल तर
फ्रीजरात बर्फ होतोय पण खाली दूध नासतंय म्हणताय ना, मग गॅस भरायला लगेच हो म्हणू नका. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री असेल तर बहुतेक डीफ्रॉस्टची (साचलेला बर्फ आपोआप वितळवायच्या यंत्रणेची) भानगड, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड कॉइलवर बर्फ साचतो आणि पंख्याची गार हवा खाली उतरतच नाही. आमच्याकडे हेच झालेलं, मेकॅनिक मात्र गॅस गेला सांगून मोकळा!! सामान शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा, प्लग काढून दारं २४ तास उघडी टाका (खाली फडकी अंथरा, पाणी बरंच येतं) आणि सुरीने बर्फ खरवडू नका, कॉइलला भोक पडलं तर खरंच गॅस जाईल. आठ-दहा दिवस छान चालून परत तेच झालं तर बर्फ वितळवणारा हीटर नाहीतर बायमेटल (तो हीटर तापमानानुसार चालू-बंद करणारा स्विच) चेक करून घ्या, जुनं मॉडेल असेल तर डीफ्रॉस्ट ठराविक वेळाने सुरू करणारा टायमरपण.