मदत हवी आहे : धुळ्यात गच्चीवर ड्रममध्ये आणि गोण्यांत बटाटे लावायचे आहेत

बागवेडी :
नमस्कार मंडळी. धुळ्यात देवपूरला राहते. गच्ची मोठी आहे, पण ऊन पश्चिमेचं आणि सडकून. मेथी, वांगी, मिरची दरवर्षी होते. यंदा बटाट्यांचं मनात आहे. घरात 200 लिटरचा एक निळा ड्रम पडून आहे, बांधकामातून उरलेल्या सिमेंटच्या गोण्या आहेत, तेलाचे चौकोनी डबे आहेत आणि भावाने चार इंची पाइपला भोकं पाडून केलेली उभी कुंडी आहे.

व्हिडिओंमध्ये दाखवतात की ड्रमच्या तळाशी बटाटे लावायचे, रोप वाढेल तशी वरून माती टाकत जायची, मग खालपासून वरपर्यंत बटाटेच बटाटे. आपल्याकडच्या हवेत हे खरंच होतं का? बियाणं घरातल्याच बटाट्यांचं चालेल का? लावायचं कधी? सासूबाई म्हणतात दसऱ्याला लावून टाक. शेजारच्या काकू म्हणतात बटाटा धुळ्याचा नव्हेच, उगाच माती वाया जाईल. दोघींपुढे मी गप्प.

केळीपट्टा :
ताई, ड्रमना नाद सोडी दे! आता नीट सांगतो. बटाटा मुळाला लागत नाही. जमिनीखालच्या खोडातून आडवे धुमारे फुटतात, त्यांच्या टोकाला तो फुगतो. लवकर येणाऱ्या जाती हे काम बियाण्याच्या आसपास, एका थरात उरकतात. तुम्ही वर तीन फूट माती चढवलीत तर त्या मातीत बहुतेक नुसतं खोडच मिळेल. उंची वाढली म्हणून बटाटे वाढत नाहीत. भर द्यायची ती कंद उघडे पडू नयेत म्हणून. ऊन लागलं की ते हिरवे होतात आणि त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य तयार होतं, असे खायचे नाहीत.

आणि ओल्या मातीने भरलेला तो ड्रम 300 किलोच्या घरात जाईल. स्लॅबवर ठेवायचाच असेल तर आधी मिस्त्रीला विचारा, ठेवला तरी खांबाजवळ. वरची माती वाळून कोळ आणि तळाशी चिखल, हे दुखणं वेगळंच.

बागवेडी :
म्हणजे ड्रम रद्द. पाइपची कुंडी?

केळीपट्टा :
चार इंचात बटाटा फुगणार कुठे? त्यात कोथिंबीर, पालक लावा.

मातीतला माणूस :
ड्रम आडवा पाडून लांबीने मधोमध कापला तर दोन पसरट हौद होतील, ते कामाचे. तळाला भोकं पाडा. सिमेंटच्या गोण्या आधी झटकून धुवा, काठ दुमडून गुडघ्याच्या खाली ठेवा आणि सावलीच्या बाजूला मांडा. विणलेलं प्लास्टिक आपल्या उन्हात काही महिन्यांत भुगा होतं, पण बटाट्याचा हंगाम तेवढा निघून जातो. तेलाचा डबा तापतो, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

नुसती काळी माती भरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते, कंद वाकडेतिकडे होतात. निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. राख मात्र टाकू नका. आपली काळी माती आधीच विम्लाकडे (आम्लाच्या उलट) झुकलेली, त्यात राख पडली की सालीवर खरबरीत डाग वाढतात. ताज्या शेणानेही तेच. वरून केळीची वाळलेली पानं पसरा, ती इथे फुकट मिळतात.

बागवेडी :
आणि दसऱ्याचं काय ते सांगा, घरात उत्तर द्यायचं आहे.

मातीतला माणूस :
सासूबाईंना दिवाळीपर्यंत थांबवा. दसऱ्याच्या सुमारास दिवसा उकाडा असतो, कापलेला तुकडा गरम मातीत सडतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. बटाटा धरण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो, साधारण 15 ते 20 अंशांचा. धुळ्यात थंडीत पारा 10 च्या खाली येतो, तेव्हा काकूंचं म्हणणं खरं नाही. पण फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन चढलं की रोप हिरवंगार दिसेल, कंद मात्र फुगणार नाहीत. म्हणून 80-90 दिवसांत निघणारी जात घ्या. कुफरी पुखराज मिळाली तर बरी. कुफरी सूर्या उष्णता सोसते, पण तिचं थोडंसं बियाणं मिळणं कठीण.

घरातला बटाटा चालतो, पण त्यात विषाणू असू शकतो आणि काही बटाट्यांवर मोड येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं. घेणारच असाल तर आत्ता आणून अर्धवट उजेडात, टोपलीत पसरून ठेवा. आखूड, जाड, हिरवट मोड आले तेच घ्या. अंधारातले लांब पांढरे मोड हात लागला की तुटतात. अंड्याएवढा अख्खा बटाटा लावा, कापू नका. मोठी गोणी असेल तर दोन, तेलाच्या डब्यात एकच.

केळीपट्टा :
पाणी बेताने, पण रोज बोट खुपसून बघा. ठिबक असेल तर उत्तम, आपल्याकडे घरोघरी नळ्या पडलेल्या असतात. पानं पिवळी पडून लोळायला लागली की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी काढा, म्हणजे साल पक्की होते. आणि ड्रमभर बटाट्यांची आशा धरू नका. एका गोणीत किलोभर निघाले तरी चांगलं पीक म्हणायचं.

बागवेडी :
किलोभर चालेल, भाजीपुरते झाले तरी मला पुष्कळ. ड्रम भावाकडून कापून घेते. एक राहिलं : गच्चीवर खारी फार आहेत, भुईमूग लावला होता तेव्हा शेंगा काढून नेत. बटाट्याच्या गोण्यांना जाळी लावावी लागेल का?