बोर्ड बदलण्याआधी सेन्सर पाहावा

जुन्या स्लॉट मशीनचे, म्हणजे जुगाराच्या यंत्राचे, रीळ (चित्रांचे फिरते चाक) न थांबता फिरत राहते आणि यंत्र चूक दाखवते, तेव्हा यंत्र चालवणारा मुख्य सर्किट बोर्डच बदलावा, असा सल्ला दिला जातो; तो मला घाईचा वाटतो. स्टेपर मोटरवर (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरवर) चालणाऱ्या अशा मशीनमध्ये रीळ नेमके कुठे आहे हे बोर्डाला प्रकाशीय सेन्सर सांगतो; त्याच्या खाचेत धूळ साचली किंवा त्यातील इन्फ्रारेड एलईडी (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारा दिवा) मंदावला, तर बोर्ड ठणठणीत असूनही रीळ आपली जागा शोधत राहते. एलईडी पेटतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपका दिसण्यावरून कळते. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढचा वापरून पाहावा.

नाशिकमधील एका संग्राहकाच्या यंत्रात मला हाच दोष आढळला. कापसाच्या काडीने खाच पुसताच रीळ जागेवर आले. मात्र त्याच यंत्राच्या बोर्डावरील ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिच्याभोवती निळसर-हिरवी पूड जमली होती, आणि ही गळती मला अधिक गंभीर वाटली, कारण बॅटरीतून गळणारा द्रव अल्कधर्मी असतो आणि बोर्डावरील वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेषा हळूहळू खात जातो. बॅटरी काढून तो भाग पातळ व्हिनेगरने, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, पण तोवर दोन रेषा तुटल्या होत्या; त्या बारीक तारेने जोडाव्या लागल्या.