नागपूरचे ५६ अंश आणि जगाचा दीड अंश: तापमानाच्या नोंदींवर किती विसंबायचे?

समभाररेषा
३० मे २०२४ ला नागपूरच्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवले, सोनेगावच्या केंद्राने ५४. त्याच दुपारी शहरातली बाकीची दोन स्वयंचलित केंद्रे ४४ च्या आसपास होती. हवामान खात्याने दोन्ही उपकरणे बिघडल्याचे जाहीर केले. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरने ५२.९ नोंदवले होते, आणि तिथला संवेदक (सेन्सर) सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे तपासणीत निघाले.

आता दुसरा आकडा बघा. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ हे वर्ष १८५०–१९०० च्या सरासरीपेक्षा १.५५ अंशांनी गरम होते, अनिश्चितता ±०.१३. एका शहरात बारा अंशांचा घोळ होत असेल, तर अख्ख्या पृथ्वीचा आकडा दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत कशाच्या जोरावर सांगतात? त्यात शहरे वाढून केंद्रांना वेढून बसली आहेत आणि मूळ नोंदींवर वरून दुरुस्त्या होतात. तापमान वाढलेच नाही असे मी म्हणत नाही. पण या आकड्यांवर धोरणे ठरतात, म्हणून मोजणी तपासायलाच हवी.

दवबिंदू
मोजणी तपासायला हवी हे मान्य, पण दोन वेगळ्या चुकांची गल्लत होतेय.

या केंद्रांत प्लॅटिनमच्या तारेचा संवेदक असतो. शून्य अंशाला त्याचा विजेला होणारा रोध १०० ओहम, पुढे दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. जोडणीत गंज चढून १ ओहम जादा रोध आला की आकडा अडीच अंशांनी फुगतो. दोनच तारा वापरल्या तर केबलचा रोधही त्यात मिसळतो, म्हणून चार तारांची जोडणी करतात. दुसरे कारण म्हणजे संवेदकावरचे पांढऱ्या तबकड्यांचे कवच. ते धुळीने मळले, पिवळे पडले आणि वारा पडलेला असला, तर आतली हवाच तापते. नागपुरात नेमके काय झाले ते यावरून ठरत नाही, पण एवढी मोठी चूक लपत नाही. शेजारच्या केंद्रांचे ४४ समोर होते, म्हणून ती त्याच दिवशी पकडली गेली.

समजा पकडली नसती. एका दिवसाच्या कमाल तापमानातले १२ अंश, कमाल-किमान मिळून सरासरी काढल्यावर ६ होतात आणि महिन्यात वाटले की ०.२. तेही एका केंद्राचे. जागतिक हिशोबात हजारो केंद्रे असतात आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या सरासरीशी होते. महाबळेश्वर आणि अकोला यांच्या तापमानात कितीही फरक असला, तरी नेहमीपेक्षा तापलेला एप्रिल दोन्हीकडे नेहमीपेक्षा तापलेलाच दिसतो.

कृष्णमृदा
दवबिंदू, असहमत. केंद्रे वाढली की चूक कमी होते हे यादृच्छिक, म्हणजे कधी वर तर कधी खाली जाणाऱ्या, चुकांपुरते खरे. सगळीकडे एकाच दिशेची चूक असेल, तर दहा हजार केंद्रांची सरासरीही तेवढीच चुकीची येते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे पाऱ्याचे तापमापक ठेवायच्या लाकडी पेट्या काढून इलेक्ट्रॉनिक तापमापक बसवले. नवे उपकरण कमाल तापमान सुमारे ०.४ अंशांनी कमी आणि किमान सुमारे ०.३ अंशांनी जास्त दाखवते. शिवाय निरीक्षक पूर्वी संध्याकाळी नोंद घेत, ते हळूहळू सकाळी घेऊ लागले. हे सगळे शेकडो केंद्रांवर घडले.

शेजारच्या केंद्राचा आधारही सगळीकडे सारखा नाही. नासाच्या हान्सेन आणि लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये दोन केंद्रांच्या तापमानातल्या चढउतारांचा संबंध १२०० किलोमीटरपर्यंत टिकतो असे दाखवले, पण उष्ण कटिबंधात तो संबंध कमजोर पडतो. आपला सुमारे अर्धा देश तिथेच येतो.

दवबिंदू
तुमची दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत. दुरुस्त्या कराव्या लागतात त्या नेमक्या याच कारणांसाठी.

नोंदीच्या वेळेचे बघू. कमाल तापमापकातला पारा चढतो आणि वरच अडकतो; नोंद घेतल्यावर झटकून पूर्ववत करतात. संध्याकाळी ५ ला झटकला तेव्हा हवा ३८ अंश असेल, तर तो लगेच ३८ वर येतो. दुसरा दिवस ढगाळ, फक्त ३२ पर्यंत गेलेला, तरी संध्याकाळी नोंद ३८ चीच. एक गरम दिवस दोनदा मोजला गेला. सकाळच्या नोंदीत असेच थंड पहाट दोनदा मोजली जाते. म्हणजे संध्याकाळवरून सकाळवर गेल्यावर हवा न बदलताही नोंदी थंड होतात. ही खोटी थंडी काढली की अमेरिकेतला वाढीचा कल चढतो, आणि ‘आकडे फुगवले’ असा आरोप होतो.

दुरुस्ती बरोबर होती का, याची परीक्षाही झाली. २००५ पासून अमेरिकेच्या मुख्य भूभागावर शंभराहून अधिक नवी केंद्रे चालू आहेत, वस्तीपासून दूर आणि प्रत्येक ठिकाणी तीन संवेदक. जुन्या केंद्रांच्या दुरुस्त नोंदी त्यांच्याशी जुळतात.

शहरांबद्दल: काँक्रीट दिवसाची उष्णता साठवून रात्री सोडते, म्हणून शहराचा प्रभाव मुख्यतः किमान तापमानात दिसतो. हवामान खात्याच्या २०२० च्या वार्षिक अहवालात १९०१ पासूनची वाढ शंभर वर्षांना कमाल तापमानात ०.९९ अंश आणि किमान तापमानात ०.२४ अंश आहे. शहरांमुळेच देश तापलेला दिसत असता, तर हे प्रमाण उलटे असायला हवे होते.

खारे वारे
सगळे जमिनीवरच भांडताहात. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाणी आहे, आणि सगळ्यात मोठी दुरुस्ती तिथेच आहे.

पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर घेत आणि त्यात तापमापक बुडवत. आधी लाकडी बादल्या होत्या, नंतर कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हास ओला राहतो, डेकवर वारा लागतो, बाष्पीभवन होते आणि वाचन घेईपर्यंत पाणी थंड होते. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवू लागले, ते जरा गरम येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जहाजांच्या इंजिनखोलीतल्या नोंदींचे प्रमाण वाढले आणि समुद्र एकाएकी तापल्यासारखा दिसला. त्यानंतर तरंगते बोये आले, ते जहाजांपेक्षा सुमारे ०.१२ अंश कमी दाखवतात.

बादल्यांची चूक सुधारली की जुना समुद्र थोडा गरम ठरतो. परिणामी १८८० पासूनची जागतिक वाढ कच्च्या नोंदींत *जास्त* आहे आणि दुरुस्त नोंदींत कमी. तापमानवाढ फुगवायची असती, तर बादल्यांना हातच लावायचा नव्हता.

समभाररेषा
बादल्यांचा मुद्दा पटला, आणि ‘दुरुस्त्या म्हणजे फुगवटा’ हा अर्थ माझ्या लिहिण्यातून निघत असेल तर तो मागे घेतो. पण त्यातूनच माझा उरलेला आक्षेप पक्का होतो. १८५०–१९०० ची सरासरी ज्या जहाजांवरून काढली, ती ठराविक व्यापारी मार्गांनी जात. दक्षिण महासागर जवळजवळ कोरा होता. आज पॅरिस करारातली दीड अंशाची रेषा ओलांडली की नाही, हे त्या कोऱ्या भागाबद्दलच्या अंदाजावर अवलंबून राहते.

वर्षांच्या क्रमवारीचेही तेच. २०१४ ला सर्वात उष्ण वर्ष म्हटले गेले, तेव्हा नासाच्याच गणिताने त्याची शक्यता ३८ टक्के होती. हे ३८ टक्के मथळ्यात कुठे आले?

दवबिंदू
क्रमवारीबद्दल पूर्ण सहमत. अलीकडच्या वर्षांची अनिश्चितता ±०.०५ च्या आसपास आहे. अंशाच्या शंभराव्या भागाच्या फरकावरून मथळे करणे चूकच. नासाने २०१६ आणि २०२० बरोबरीत ठेवली ते योग्य केले.

पण रेषा नेमकी कधी ओलांडली आणि वाढ झाली का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर जमिनीवरच्या तापमापकांशिवायही मिळते. २०१३ मध्ये वायुभाराच्या नोंदी, समुद्रपृष्ठाचे तापमान आणि समुद्री बर्फाच्या नोंदी घेऊन विसाव्या शतकाचे हवामान संगणकावर पुन्हा उभे केले गेले. जमिनीचा एकही तापमापक न वापरता जमीन तापलेली निघाली.

कृष्णमृदा
त्यात समुद्राचे तापमान आत घातलेच होते, म्हणजे पुरावा पूर्ण स्वतंत्र नाही. उपग्रहांच्या नोंदी का वगळल्या? स्पेन्सर आणि क्रिस्टी या शास्त्रज्ञांनी उपग्रहांवरून काढलेल्या तापमानाच्या मालिकेत १९७९ पासूनचा कल जमिनीवरच्या नोंदींपेक्षा कमी आहे.

खारे वारे
उपग्रह तापमापक नेत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनच्या सूक्ष्मलहरी मोजून काही किलोमीटर जाडीच्या थराचे तापमान काढतात. त्या मालिकेतही दुरुस्त्या झाल्याच. कक्षा हळूहळू खाली येते त्याची चूक १९९८ मध्ये दाखवली गेली, आणि उपग्रह एखाद्या ठिकाणावरून जाण्याची स्थानिक वेळ सरकते त्याची २००५ मध्ये. दोन्ही दुरुस्त्यांनी कल वर गेला. तीच मोजमापे वापरणारा दुसरा गट त्याहून जास्त वाढ काढतो. त्यातल्या एकाच मालिकेला कच्चे सत्य मानता येत नाही.

कृष्णमृदा
ठीक, कल मान्य. मग इथल्या पुढच्या नोंदींचे बोला. पाऱ्याचे तापमापक जाऊन स्वयंचलित संवेदक येत आहेत, म्हणजे अमेरिकेत १९८० च्या दशकात झाले तेच आपल्याकडे होणार. जुनी पेटी आणि नवा संवेदक एकाच आवारात किमान वर्षभर, जमल्यास दोन वर्षे, बरोबरीने चालवायला हवेत. एकच उन्हाळा पुरत नाही, पावसाळ्यातला आणि हिवाळ्यातला फरक वेगळा येतो. उपकरण बदलल्याची तारीख, कवचाचा प्रकार, बाजूला काय बांधले गेले आणि तपासणीत निघालेला फरक हे प्रत्येक केंद्रापुरते जाहीर व्हावे. उष्ण कटिबंधात शेजारी केंद्राचा आधार कमी, म्हणून ही नोंदवही इथे जास्त लागते.

दवबिंदू
याला माझा विरोध नाही. एक भर घालतो: प्रमाणित तापमापक घेऊन केंद्राची तपासणी उन्हाळा लागण्याआधी व्हावी. मुंगेशपूरचे ३ अंश मार्चमध्ये सापडले असते, तर ५२.९ जगभर गेलेच नसते.